केलोना (ब्रिटिश कोलंबिया): ऊन, तळं, द्राक्षं वगैरे ठीक, पण राहायला कसं आहे?

गोदाकाठ | १२ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी. मूळचे नाशिकचे, गेली चार वर्षं ब्रॅम्प्टनला. बायकोला केलोनाला फिजिओथेरपिस्टची नोकरी मिळते आहे. माझं काम घरूनच चालतं. मुलगी सहा वर्षांची. आई उन्हाळ्यात येऊन सहा महिने राहणार आहे.

नेटवर बघावं तिथे एकच चित्र: निळं तळं, उतारावर द्राक्षांच्या ओळी, वर लख्ख ऊन. वर्षाला दोन हजार तासांच्या आसपास ऊन म्हणे. आम्ही गंगापूर धरणाच्या बाजूची माणसं. ते फोटो बघून बायको मनाने अर्धी तिकडे पोचलीही. मला जाहिरातीत छापत नाहीत ते हवंय. घरभाडं, हिवाळा, आपली माणसं, आणि मुख्य म्हणजे ते वणवे. 'छान आहे, या' एवढंच लिहू नका प्लीज.

सरेकर | १२ फेब्रुवारी

छान आहे, या.

(राहवलं नाही.) आम्ही दर जुलैत चार दिवस जातो. तळ्यात डुंबायचं, चेरी खायच्या, दोन-चार वायनरी करायच्या, परत. सुट्टीला झकास. पण राहायला? निवृत्तांचं गाव आहे हो ते.

तळ्याकाठची | १३ फेब्रुवारी

सरेकर, जुलैतले चार दिवस राहून गाव कळत असतं तर प्रत्येक मुंबईकराने माथेरानवर ग्रंथ लिहिला असता.

मी इथे अकरा वर्षं आहे, त्यातली आठ तळ्याच्या पश्चिमेला. निवृत्तांचं गाव ही जुनी ओळख. २००५ मध्ये यूबीसीचा, म्हणजे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा, कँपस आला आणि गावाचं सरासरी वय झटक्यात खाली आलं. २०१६ ते २०२१ या काळात देशातल्या महानगर क्षेत्रांत सगळ्यात वेगाने वाढलेलं हेच, १४ टक्के. आता आजूबाजूची वस्ती धरून सव्वादोन लाखांच्या घरात माणसं आहेत.

गोदाकाठ, तुमच्या उन्हाबद्दल. दोन हजार तास खोटे नाहीत, पण ते वर्षभर सारखे वाटलेले नाहीत. मे ते सप्टेंबर ऊन असं की जूनअखेरीला रात्री नऊनंतर सूर्य मावळतो, पोरं झोपायला तयार नसतात. आणि नोव्हेंबर लागला की खोऱ्यावर झाकण बसतं. हे ओकानागन तळं १३५ किलोमीटर लांब, २३२ मीटरपर्यंत खोल, सहसा गोठत नाही. त्याची वाफ वर येते, डोंगरांवरून उतरलेली गार हवा खोऱ्यात साचते, वर उबदार हवेचा थर, आणि मध्ये हा राखाडी ढग अडकून बसतो. पातेल्यावर ताट ठेवावं तसा. एकदा सलग तीन आठवडे मी सूर्य पाहिला नव्हता. डिसेंबरात तसाही तो चारला मावळतो, त्यामुळे असला काय नि नसला काय.

उपाय एकच, गाडी काढून बिग व्हाइट या स्कीइंगच्या डोंगरावर जायचं. साधारण ५५ किलोमीटर. घाटात धुकं, धुकं, धुकं, आणि एका वळणावर एकदम डोक्यावर निळं आभाळ, पायाखाली ढगांचा समुद्र. तळ्याकाठच्या 'सनी' गावातली माणसं ऊन खायला बर्फात जातात. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग खाली राहताच कशाला?

वणव्यांबद्दल रात्री लिहिते, ते दोन ओळींत मावणार नाही.

जाता जाता, उच्चार केलोना, जोर 'लो'वर. इथल्या मूळ रहिवासी सिल्क्स लोकांच्या भाषेतला शब्द, अर्थ नर ग्रिझली अस्वल.

मनीमाऊ | १३ फेब्रुवारी

वाचतेय. आम्हीही विचारात आहोत.

तळ्याकाठची | १४ फेब्रुवारी

हं, तर आग.

आधी हे समजून घ्या की ऊन आणि आग इथे एकाच घरातली भावंडं आहेत. पॅसिफिकवरून येणारे ढग किनाऱ्यावरच्या डोंगरांवर रिकामे होतात, आमच्यापर्यंत कोरडा वारा येतो. सह्याद्रीच्या पलीकडे महाबळेश्वरला धो धो आणि अलीकडे माण-खटावला ठणठणाट, तसंच. बर्फ धरूनसुद्धा वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आत. याच कोरडेपणामुळे द्राक्षावर रोग कमी, गोडी चांगली, आणि याच कोरडेपणामुळे ऑगस्टमध्ये डोंगरावरचा पाइन काडेपेटीसारखा.

२००३ मध्ये वीज पडून ओकानागन माउंटन पार्कला लागलेल्या आगीत २३९ घरं गेली. तेव्हा मी नव्हते. पण मायरा कॅनियनला फिरायला गेलात तर जुन्या केटल व्हॅली रेल्वेचे लाकडी पूल दिसतील. अठरातले बारा त्या आगीत जळले आणि २००८ पर्यंत पुन्हा उभारले. काळं लाकूड कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते शोधत पोरं चालतात.

२०२३ ला मात्र मी होते. १७ ऑगस्ट. दुपारपर्यंत आम्ही 'अलर्ट'वर होतो. शब्द पाठ करून ठेवा: अलर्ट म्हणजे बॅगा भरून दाराशी ठेवा, ऑर्डर म्हणजे आत्ता निघा. संध्याकाळी वारा फिरला आणि ऑर्डर आली. नवऱ्याने भरलेल्या बॅगेत तीन चार्जर, एक कुकरची रिंग आणि पासपोर्ट शून्य. तळ्यावरच्या पुलावर गाड्या गोगलगाईसारख्या. आरशात मागचा डोंगर नारिंगी. तेव्हा मुलांना मी शांतपणे सांगत होते, घाबरू नका, मध्ये एवढं मोठं तळं आहे. पूर्वेला केलोनातल्या रटलंड भागात मैत्रिणीकडे पोचलो, चहा टाकला आणि फोन वाजला. ठिणग्या तळं ओलांडून केलोनाच्या बाजूला पडल्या होत्या, तिथेही घरं रिकामी करत होते.

दोन्ही बाजू मिळून १९०च्या आसपास घरं-इमारती गेल्या. माणूस एकही गेला नाही, हे त्या अग्निशामक लोकांचं कर्तृत्व. आमचं घर वाचलं. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडची सहा घरं नाहीत.

आता कामाचं. एक, घर घ्यायचं तर विमा आधी बघा, ऑगस्टवर ढकलू नका. जवळपास आग चालू असेल तर कंपन्या नवी पॉलिसी देतच नाहीत, आणि विमा नाही म्हणून घराचा ताबा अडकलेली माणसं मला माहीत आहेत. दोन, भाड्याने राहिलात तरी भाडेकरूचा विमा काढाच. तीन, घराला चिकटून सीडरची झुडपं असतील तर पहिल्याच शनिवारी उपटा. चार, आईंच्या खोलीत हवा गाळणारं यंत्र. आग शंभर किलोमीटरवर असली तरी धूर खोऱ्यात येऊन मुक्काम करतो, ताटाखालीच. आईंचे सहा महिने एप्रिलपासून मोजा, म्हणजे मे-जूनचं तळं, लायलॅक, चेरी सगळं पदरात पडेल आणि ऑगस्टात नेमका धूर आलाच तर महिनाभर ब्रॅम्प्टनच्या नातेवाइकांकडे धाडता येईल.

परखड पांडू | १४ फेब्रुवारी

प्रश्न साधा आहे. जिथे दर काही वर्षांनी गाव रिकामं करावं लागतं तिथे माणसं पैसे मोजून का जातात? 'सीनरी' या एका शब्दासाठी?

तळ्याकाठची | १४ फेब्रुवारी

पांडूशेठ, कोयनेच्या भूकंपानंतर पाटण रिकामं झालं का? नोकरी, शाळा, घराचं कर्ज आणि सवय. सीनरी पाचव्या नंबरावर.

उणे आठ | १५ फेब्रुवारी

मी यूबीसी ओकानागनचा विद्यार्थी होतो, आता इथेच नोकरी. भाड्याबद्दल लिहितो.

२०२२ मध्ये आलो तेव्हा एक तळघरातली खोली मिळाली. सप्टेंबर ते एप्रिल मस्त. एप्रिलच्या शेवटी घरमालक म्हणाले, मे ते ऑगस्ट रिकामी करा, पर्यटक येतात, चौपट मिळतात, सप्टेंबरात परत या हवं तर. कागद नीट वाचले नव्हते, त्यात तारीख होती. चार महिने मित्राच्या हॉलमध्ये काढले. इथे याला 'विंटर रेंटल' म्हणतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

मे २०२४ पासून प्रांताचा कायदा आला. स्वतः राहत असलेलं घर सोडून दुसरं घर पर्यटकांना रोजावर द्यायला बंदी घातली. त्याच्या आसपास विद्यार्थी परवान्यांवरही मर्यादा आल्या. त्यामुळे आता जाहिराती दिसतात, घरमालक फोन उचलतात. तरी करारात शेवटची तारीख बघाच.

पगाराचं म्हणाल तर इथे 'सनशाइन टॅक्स' असा शब्द आहे. खरा कर नाही. तेच काम, व्हँकुव्हरपेक्षा कमी पगार, घरं मात्र फार स्वस्त नाहीत, उरलेला पगार उन्हात घ्या असा हिशोब. वहिनींची नोकरी आरोग्यसेवेत आहे आणि तुमची बाहेरून येते, म्हणजे तुम्ही या करातून सुटलात. इथे येऊन शोधू असं म्हणणाऱ्याने मात्र दहादा विचार करावा. बांधकाम, हॉटेलं, इस्पितळ, कॉलेजं, थोडं आयटी, विमानतळाजवळ विमानदुरुस्तीचं मोठं काम, एवढ्यातच फिरावं लागतं.

सरेकर | १५ फेब्रुवारी

हे 'उणे आठ' काय आहे? बँक बॅलन्स?

उणे आठ | १५ फेब्रुवारी

तोही. पण मूळ अर्थ आइसवाइन. उणे ८ अंशांखाली द्राक्ष वेलीवरच गोठलं पाहिजे, तरच ते नाव लावता येतं. शिकत असताना एका डिसेंबरात रात्री दोन वाजता खुडायला गेलो होतो. घड कंच्यांसारखे वाजतात. बोटं परत यायला सकाळ झाली.

आबा बसवंत | १६ फेब्रुवारी

मी पिंपळगाव बसवंतहून. मुलगा हा धागा दाखवतो म्हणून वाचतोय, टाइपही तोच करतोय. घरचे सहा एकर द्राक्ष. तुमच्याकडे मागच्या वर्षी एका थंडीत सगळ्या खोऱ्यातला माल गेला असं ऐकलं. आमच्याकडे अवकाळीने जातो, गारपिटीने जातो, पण सगळ्यांचा एकदम? कुणी बागेत काम करणारं असेल तर नीट सांगा. कोणता व्हरायटी, किती थंडी, आणि वेल वाचली का?

काडीछाट | १६ फेब्रुवारी

आबा, नमस्कार. मी मूळचा निफाड तालुक्यातला, इथे एका बागेत सहा वर्षं सुपरवायझर आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो, बाकीच्यांनी कंटाळा आला तर पुढे जावं.

आपल्याकडे वेल कधी पुरती झोपत नाही. म्हणून आपण एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी करून तिला आपल्या मनासारखी फिरवतो. इथे वेल सहा महिने झोपते. पानं गळतात, काडी हळूहळू गारठत कडक होते, आतलं पाणी कमी करते आणि उणे वीस-बावीससुद्धा सोसते. छाटणी एकच, फेब्रुवारी-मार्चात, बर्फात उभं राहून. पण त्यासाठी थंडी पायरीपायरीने यावी लागते. २०२३ चा डिसेंबर उबदार गेला. वेल अर्धवट झोपेत. आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पारा एकदम घसरला, उणे २५ च्याही खाली, दोन-तीन रात्री.

आठवड्याने आम्ही काड्या कापून आणल्या, खोलीत ऊब दिली आणि ब्लेड घेऊन काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटतात त्या गाठी, कापायला बसलो. तुम्ही छाटणीआधी काडी तपासणीला पाठवता, घड किती लागणार बघायला. इथे तोच डोळा कापून जिवंत आहे का ते बघतात. हिरवा तर जिवंत, तपकिरी तर मेला. मी पहिल्या शंभरात तीन हिरवे मोजले. माझ्या शेजारी बसलेला क्युबेकचा मुलगा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ब्लेड बदलून बघू.

नंतर वाइनवाल्यांच्या संघटनेचा अंदाज आला: नेहमीच्या मालापैकी ९७ ते ९९ टक्के गेला. त्याआधी डिसेंबर २०२२ च्या थंडीने निम्मा गेलाच होता. पीच, जर्दाळूही गेले. प्रांताने २०२४ पुरती बाहेरची द्राक्षं आणून वाइन करायला परवानगी दिली, म्हणून काही ठिकाणी वॉशिंग्टनच्या द्राक्षाची वाइन ओकानागनच्या तळघरात मुरते आहे. गोदाकाठ, २०२४ ची बाटली घेताना लेबल वाचा, मजा येते.

व्हरायटी: केलोनाच्या बाजूला रीसलिंग, पिनो न्वार, पिनो ग्री, शार्दोने. दक्षिणेला ऑलिव्हर-ओसोयूसकडे जास्त ऊन, तिकडे मर्लो, कॅबर्ने, सिरा. जास्त मार दक्षिणेच्या उबदार जातींना बसला. रीसलिंग त्यातल्या त्यात चिवट.

वेल वाचली का, हा खरा प्रश्न. तुमच्याकडे डॉगरिजच्या खुंटावर कलम. इथे बऱ्याच जुन्या बागा स्वतःच्या मुळावर आहेत. तशी वेल वरून मेली तरी जमिनीतून पुन्हा फुटते, दोन वर्षं वाट बघायची. कलमी असेल आणि सांध्याच्या वरचं सगळं मेलं तर खालून नुसता खुंट फुटतो, मग उपटण्यावाचून गत नाही.

आबा बसवंत | १७ फेब्रुवारी

सांगितलंत बरं. निफाडात पारा चारच्या खाली गेला की आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, पाणी सोडतो. तुम्ही काही केलं नाही का?

काडीछाट | १७ फेब्रुवारी

वसंतातल्या गोठवणाऱ्या दवाला करतो. बागेत विमानाच्या पात्यासारखे उंच पंखे असतात, ते वरची उबदार हवा खाली ढकलतात. फवाऱ्याने पाणी मारून कोंबावर बर्फाचं कवच करतात, तेही आतल्या कोंबाला वाचवतं. पण उणे सत्तावीसला शेकोटी काय करणार आबा.

हेलिकॉप्टरचं मात्र तुम्हाला आवडेल. चेरी पिकत आली आणि पाऊस पडला की फळ पाणी पिऊन तडकतं. म्हणून पहाटे चारला हेलिकॉप्टर झाडांवरून हळूहळू फिरवतात, थेंब झटकायला. गोदाकाठ, बागांशेजारी घर घेणार असाल तर हे आणि पाखरं उडवायच्या गॅसच्या तोफा दोन्ही धरून चाला. घर दाखवायला एजंट दुपारी नेतो.

आबा बसवंत | १७ फेब्रुवारी

हेलिकॉप्टर! इथे आम्ही डबे वाजवतो.

गोदाकाठ | १८ फेब्रुवारी

मंडळी, काय लिहू. विचारलं घरभाडं आणि मिळालं डोळ्यांचं शवविच्छेदन. मनापासून आभार.

एक प्रश्न पडला. नकाशावर शहराच्या मधोमध सफरचंदाच्या बागा दिसतात. नाशिकला गंगापूर रोडच्या बागा आमच्या डोळ्यांदेखत प्लॉट झाल्या. इथे एवढ्या महाग जमिनीवर अजून झाडं कशी?

काडीछाट | १८ फेब्रुवारी

कारण एन.ए. होत नाही. १९७३ मध्ये प्रांताने शेतजमीन राखीव केली. त्या यादीतली जमीन विका, घ्या, पण शेतीशिवाय काही करायचं तर आयोगाकडे जावं लागतं आणि आयोग सहज मान डोलवत नाही. म्हणून एका बाजूला मॉल आणि रस्ता ओलांडला की अँब्रोसिया सफरचंदाची झाडं.

पण जमीन राहिली म्हणून शेतकरी राहतोच असं नाही. सफरचंदाला खर्चाएवढा भाव सुटत नाही. १९३६ पासूनची बी.सी. ट्री फ्रूट्स ही फळ उत्पादकांची सहकारी संस्था जुलै २०२४ मध्ये, ऐन हंगामाच्या तोंडावर बंद झाली. इथले बरेच बागायतदार पंजाबी आहेत, दुसरी-तिसरी पिढी. त्यांतल्या एका बाबाजींनी मला विचारलं होतं, तुमच्याकडे सहकारी कारखाने बुडतात तेव्हा शेतकरी काय करतो? मी म्हटलं, दुसऱ्या कारखान्याला ऊस घालतो. ते म्हणाले, आणि दुसरा नसेल तर?

परखड पांडू | १९ फेब्रुवारी

हा धागा आवडायला लागलाय, नाइलाजाने.

सरेकर | १९ फेब्रुवारी

वाइनच्या गावाचा धागा आणि पिण्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. शोभत नाही.

काडीछाट | १९ फेब्रुवारी

तुमच्यासाठी एक किस्सा, प्यायचं तुमचं तुम्ही बघा. १८५९ मध्ये फादर पँडोसी यांनी इथे मिशन काढलं. सफरचंद आणि द्राक्ष दोन्हींची सुरुवात त्यांच्यापासून सांगतात. पण धंदा सुरू झाला १९३२ मध्ये, मंदीत. सफरचंदं सडत होती, म्हणून कॅप कापोझी नावाचा किराणा दुकानदार आणि डब्ल्यू. ए. सी. बेनेट नावाचा हार्डवेअरवाला यांनी त्यांची वाइन करायला कंपनी काढली. बेनेट स्वतः दारूला शिवत नसत! सफरचंदाची वाइन काही खपेना, मग द्राक्षाकडे वळले. तीच पुढे कॅलोना वायनरी. बेनेट पुढे वीस वर्षं प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, त्यांचा मुलगाही प्रीमियर. तळ्यावरच्या पुलाला नाव आहे ते या मुलाचं.

पण ती जुनी वाइन म्हणजे गोड पाणी. चांगल्या जाती आल्या १९८८ च्या अमेरिकेशी मुक्त व्यापार करारानंतर. स्पर्धेत टिकणार नाही म्हणून सरकारने पैसे देऊन हायब्रिड वेली उपटायला लावल्या. म्हणजे तुम्ही फोटोत बघता तो 'प्राचीन' द्राक्षमळा माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान आहे.

उणे आठ | १९ फेब्रुवारी

पुलाचा विषय निघाला म्हणून: तो तरंगता आहे. तळाशी इतका गाळ की खांब रोवण्याऐवजी पाण्यावर काँक्रीटचे पोकळ ठोकळे तरंगवून वर रस्ता केलाय. २००८ चा, त्याआधी १९५८ चा होता तोही तरंगता. पाच लेन, आणि तळं ओलांडायला दुसरा रस्ताच नाही. पुलावर एक गाडी बंद पडली की अर्धं गाव ऑफिसला उशिरा. वहिनींची नोकरी पूर्वेला असेल तर घर पूर्वेलाच बघा.

तळ्याकाठची | २० फेब्रुवारी

पूर्वेलाच, दोनदा अधोरेखित. मी आठ वर्षं पूल भोगते आहे.

पश्चिमेला घरं स्वस्त दिसली तर आधी जमीन कोणाची विचारा. वेस्टबँक फर्स्ट नेशन या सिल्क्स लोकांच्या समुदायाच्या जमिनीवरची बरीच घरं भाडेपट्ट्याची असतात. २००५ पासून त्यांचा स्वतःचा कारभार आहे, आणि चांगला आहे, पण पट्ट्याची किती वर्षं उरलीत हे न बघता किंमत बघून उडी मारू नका.

आपली माणसं: पंजाबी भरपूर, रटलंडला गुरुद्वारा आणि किराणा, कढीपत्ता बहुतेकदा मिळतो, शेवग्याच्या शेंगा फ्रोजन. मराठी घरं मोजकी. गणपती एकाच घरी बसतो आणि सगळे त्यांच्याकडे जेवतात. विसर्जन बादलीत. तळ्यात करायचा मोह होतो, करू नका, हे पाणी पूर्ण बदलायला पन्नासहून जास्त वर्षं लागतात आणि आम्ही तेच पितो.

मुलीला तळ्यातला ओगोपोगो आवडेल. गावात त्याचा हिरवा पुतळा आहे, पोरं त्यावर चढतात. सिल्क्स लोकांना मात्र त्याला राक्षस म्हटलेलं आवडत नाही, त्यांच्या लेखी तो या पाण्याचा आत्मा. माझ्या मुलाच्या वर्गात त्यांच्यातल्या एक आजी येऊन सांगून गेल्या होत्या. घरी येऊन तो म्हणाला, आई, तो आपल्या नदीच्या साती आसरांसारखा आहे. मी त्याला साती आसरा कधी सांगितल्या होत्या ते आठवेना, बहुतेक आईने.

शाळा चांगल्या आहेत, फक्त काही ठिकाणी गर्दी. फॅमिली डॉक्टरच्या यादीत पहिल्याच आठवड्यात नाव घाला. बीचवर बदकांच्या मोठ्या भावांची, म्हणजे गीज मंडळींची, घाण बघून चाला. संपलं.

मनीमाऊ | २० फेब्रुवारी

वाचनखूण साठवली. ताई, पट्ट्याची गोष्ट कुठेच वाचली नव्हती.

गोदाकाठ | ३ मार्च २०२५

धागा वर काढतो. मागच्या आठवड्यात चार दिवस जाऊन आलो.

विमान उतरलं तेव्हा ताट झाकलेलं होतं. चारही दिवस. पूल, तळं, डोंगर, सगळं पेन्सिलने काढल्यासारखं. बायकोने विचारलं, ब्रोशरमधला सूर्य कुठे आहे? तिसऱ्या दिवशी ताईंचं ऐकून बिग व्हाइटच्या घाटात गेलो. त्या वळणावर मुलगी किंचाळली आणि आम्ही गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं नुसते बसलो, तोंडावर ऊन घेत. ताई, तुमच्या आईंचा प्रश्न माझ्या बायकोनेही विचारला, शब्दन् शब्द.

ताईंकडे जेवलो. थालीपीठ आणि पीचचं लोणचं. त्यांच्या गच्चीतून समोरचा जळका उतार दिसतो. काळे सरळसोट खांब, मधून हिरवं काहीतरी वर आलंय. त्यावर कुणी काही बोललं नाही, लोणच्याबद्दल बरंच बोललो.

ग्लेनमोरला भाड्याचं घर बघितलं, करारात शेवटची तारीख नाही, उणे आठने वाचून दिला. शेजारी चेरीची बाग. एजंटला विचारलं, हेलिकॉप्टर येतं का? तो जरा दचकला आणि म्हणाला, जुलैत, थोडंसं. बायकोने नोकरीला हो कळवलंय. एक मेपासून.

आणि आबा, शेवटच्या दिवशी काडीछाट मला त्यांच्या बागेत घेऊन गेले. छाटणी चालू होती. त्यांनी रीसलिंगची एक काडी माझ्या हातात दिली आणि ब्लेड दिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा डोळा कापला. नाशिकचा असून, हो. दहा कापले. आठ हिरवे निघाले.

आबा बसवंत | ३ मार्च

फोटो पाठवा. आणि ते दोन तपकिरी काडीवर खालून कितवे होते?